प्रॉडक्ट डिझाइन बाहेरून करून घ्यावं का? कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, गोकुळ शिरगाव. इथल्या छोट्या-मध्यम कारखानदारांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते या पानावर एकत्र केले आहेत. मी स्वतः बाहेरून डिझाइन करून देणाऱ्यांपैकी, म्हणून माझा कल आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याकडे मशीन आहेत, कसबी माणसं आहेत, पण स्वतःच्या नावाचं प्रॉडक्ट नाही, त्यांनी डिझाइन बाहेरून करून घ्यावं आणि लवकर करून घ्यावं. दोन गोष्टी मात्र गेटबाहेर जाऊ देऊ नयेत: गिऱ्हाइकाची जाण आणि शेवटचा निर्णय.

आमचं जॉबवर्क बरं चाललंय. स्वतःच्या प्रॉडक्टच्या मागे का लागायचं?

जॉबवर्क म्हणजे दुसऱ्या कंपनीचे भाग बनवून देणं. त्यात ड्रॉइंग दुसऱ्याचं, रेट दुसऱ्याचा आणि शेड्यूलही दुसऱ्याचं. मोठी कंपनी दरवर्षी रेट कमी करून मागते, स्टील आणि वीज मात्र वाढतच जाते. कंपनीने मॉडेल बंद केलं की त्या भागासाठी बनवलेलं तुमचं फिक्स्चर भंगारात जातं. वीस वर्षं मायक्रॉनमध्ये काम करणारा कारखाना स्वतःची एकही वस्तू बाजारात न आणता बंद पडतो, हे औद्योगिक वसाहतींत फार वेळा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

जॉबवर्क सोडा असं मी म्हणत नाही. त्यानेच पगार निघतात. पण त्यातून उरणाऱ्या पैशातला काही भाग दरवर्षी अशा एका वस्तूवर लावा, जिची किंमत तुम्ही ठरवाल.

आपल्या आसपास असं काम करणारे लोक आहेत का?

भरपूर. जॉन डिअरचं टेक्नॉलॉजी सेंटर मगरपट्ट्यात आहे, कमिन्सचं कोथरूडला. टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी या पुण्याच्या कंपन्या जगभरातल्या वाहन उत्पादकांना इंजिनिअरिंग पुरवतात. म्हणजे परदेशातल्या कंपन्या आपल्या वस्तूंचं डिझाइन पुण्यात करवून घेतात, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरचा कारखानदार डिझाइन आपल्या आवाक्याबाहेरचं समजतो. या मोठ्या कंपन्या तुमचं छोटं काम घेणार नाहीत, हे खरं. पण त्यांच्यात पंधरा-वीस वर्षं काढून बाहेर पडलेल्यांची पाच-दहा जणांची डिझाइन हाऊस पुण्यात, मुंबईत, नाशकात आहेत. शिवाय आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय १९६९ पासून इंडस्ट्रियल डिझायनर घडवतं आहे. माणसं आहेत, आपण त्यांच्या दारात जात नाही.

स्वतःचीच डिझाइन टीम का उभी करू नये?

आकडे मांडून बघा. बॅटरीवर चालणारी एखादी साधी वस्तू धरा. तिला बाह्यरूप आणि वापर बघणारा डिझायनर लागतो, प्लास्टिक आणि शीट मेटल कळणारा मेकॅनिकल माणूस लागतो, इलेक्ट्रॉनिक्सवाला, फर्मवेअर (वस्तूच्या चिपमधला प्रोग्राम) लिहिणारा आणि टेस्टिंगचा एक. पाच जणांना सरासरी साठ हजार धरले तरी वर्षाला ३६ लाख पगारच झाला. कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि टेस्टिंगची उपकरणं वेगळी. एवढं करून फर्मवेअरवाल्याला वर्षातले तीनच महिने पुरेसं काम असणार. तो कंटाळून सोडून जाईल, आणि चांगला असेल तर आधी जाईल.

बाहेरच्या टीमकडून तुम्ही त्याच माणसाचे तीन महिने विकत घेता. त्याने आधीच दहा वस्तूंमध्ये मोटर सुरू होताना व्होल्टेज कसं खाली येतं ते पाहिलेलं असतं. तो अनुभव तुम्हाला पगारावर घेता आला नसता.

एक माणूस मात्र घरचाच हवा. तो ड्रॉइंग वाचू शकेल, वाद घालू शकेल आणि 'हे आमच्या मशीनवर होणार नाही' असं तोंडावर सांगू शकेल, असा. त्याच्याशिवाय बाहेर काम देऊ नका.

मोठ्या कंपन्या स्वतःचं डिझाइन स्वतःच करतात ना?

सगळं नाही. टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. तिच्या बाह्यरूपाचं काम इटलीतल्या तुरीनच्या आयडिया इन्स्टिट्यूटने केलं होतं. इंजिनासाठी फ्रेंच सल्लागारांची मदत घेतली. असेंब्लीसाठी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला प्लांट उचलून पिंपरीला आणला. तरीही ती पुण्याचीच गाडी, कारण गाडी कुणासाठी, आतली जागा किती, किंमत किती, डिझेल हवं की नको, हे सगळं इथे ठरलं आणि टाटांच्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरच्या लोकांनी एक-एक भाग जुळवून घेतला.

बजाजच्या पल्सरचंही तेच. २००१ मध्ये ती आली तेव्हा बजाजच्या इंजिनिअरांबरोबर टोकियो आर अँड डी ही जपानी कंपनी होती, पुढे ग्लिन कर या ब्रिटिश डिझायनरने काम केलं. परदेशी मदत घेतली म्हणून बजाजचे इंजिनिअर लहान झाले नाहीत. उलट त्या मदतीतून ते शिकले आणि पुढची मॉडेल ताकदीने काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अॅपलने पहिला आयपॉड आणला, तोही पोर्टलप्लेअर या बाहेरच्या कंपनीची चिप आणि तयार ढाचा घेऊन, काम सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत.

बाहेर दिल्यामुळे फसलेलं उदाहरण सांगा.

बोइंगचं ७८७. या विमानाचे मोठे मोठे भाग नुसते बनवायलाच नव्हे, तर त्यांचं सविस्तर डिझाइन करायलाही बोइंगने जगभरच्या पुरवठादारांकडे दिलं. त्या पुरवठादारांनी त्यातलं काही आणखी खाली दिलं. ८ जुलै २००७ ला विमान थाटात लोकांसमोर आणलं, पण ते आतून अर्धवट होतं. फास्टनर (भाग जोडणारे बोल्ट वगैरे) मिळत नव्हते, वेगवेगळ्या देशांतून आलेले भाग नीट जुळत नव्हते. पहिलं विमान मे २००८ मध्ये द्यायचं ठरलं होतं, ते प्रत्यक्षात दिलं सप्टेंबर २०११ मध्ये. मधल्या काळात एका मोठ्या पुरवठादाराचा साउथ कॅरोलिनातला कारखाना बोइंगला विकत घ्यावा लागला.

यावरून काही जण म्हणतात, बघा, बाहेर देऊच नये. मी त्याचा तसा अर्थ लावत नाही. याच विमानाच्या फ्लोअर बीम नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनू लागल्या. बाहेरून काम करून घेणं बोइंगने सोडलं नाही. चूक झाली ती जोडणीत. दोन भाग जिथे भेटतात तिथली जबाबदारी कुणाची, हे ज्याच्या नावावर वस्तू विकली जाते त्यानेच सांभाळायचं असतं. तुमच्या छोट्या प्रॉडक्टमध्येही भांडण तिथेच होतं. प्लास्टिकवाला म्हणतो पीसीबी (सर्किटचा बोर्ड) मोठी झाली, पीसीबीवाला म्हणतो डबा लहान झाला. दोघांच्या मधली ती अर्ध्या मिलिमीटरची जागा तुमची.

काय बाहेर द्यायचं आणि काय नाही?

ज्या कामासाठी खास कौशल्य लागतं आणि ते वर्षभर लागत नाही, ते बाहेर. कॅड, स्ट्रेस अॅनालिसिस, सर्किट, पीसीबी लेआउट, फर्मवेअर, प्रोटोटाइप, टेस्टिंग.

घरी ठेवायचं ते असं: वस्तू कुणासाठी, कितीला विकायची, कोणत्या दोषावर तडजोड चालणार नाही, आणि कोणतं डिझाइन फ्रीझ करायचं, म्हणजे त्यात पुढे बदल नाही. तुमची मूळ ताकद ज्या प्रक्रियेत आहे, म्हणजे समजा कोल्हापुरात तुम्ही पातळ भिंतीचं कास्टिंग इतरांपेक्षा चांगलं काढता, तर त्या प्रक्रियेचे आकडे डिझायनरला दाखवा, पण लिहून हातात देऊ नका.

ब्रीफ कसा लिहायचा?

ब्रीफ म्हणजे वस्तू कशी हवी हे डिझायनरला सांगणारा कागद. इथेच निम्मे प्रकल्प बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅटरीच्या पाठपंपाचं एक काम आमच्याकडे आलं होतं. ब्रीफ एका ओळीचा: 'बाजारातल्यापेक्षा भारी आणि वीस टक्के स्वस्त.' यावर कुणीही काहीही काढून देईल आणि पैसे मागेल. आम्ही मालकांना म्हटलं, कॅड उघडण्याआधी एक दिवस शेतावर जाऊ. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोचा प्लॉट होता. फवारणी करणारे मामा ड्रममधून बादलीने टाकी भरत होते. सोळा लिटरची टाकी, म्हणजे सोळा किलो पाणी आणि वर पंपाचं वजन. टाकी बांधावर ठेवून ते खाली बसले, पट्टे खांद्यात घातले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. आता स्विच पाठीमागे, खाली. हातमोजा घातलेल्या हाताने चाचपून तो सापडेना, म्हणून त्यांनी हातमोजा काढला. पुढे तारेखालून वाकले तसं झाकणातून औषधाचं पाणी मानेवर ओघळलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं आणि पुढे चालू लागले, जणू हे असंच असतं. चार्जिंगचं सॉकेट तळाशी होतं. त्याचं रबरी बूच केव्हाच तुटलेलं, आत चिखल.

परत येताना गाडीतच नवा ब्रीफ तयार झाला. टाकी पूर्ण भरून माणूस काटकोनात वाकला तरी झाकणातून थेंब पडता कामा नये. स्विच पुढच्या पट्ट्यावर, हातमोजा घालून चालवता येईल एवढा. सॉकेट तळापासून वर आणि आडोशाला. भरलेली टाकी कमरेच्या उंचीवरून मातीवर पडली तर चीर जाऊ नये. एमआरपी इतकी, वर्षाला नग इतके, टाकी ब्लो मोल्डिंगची आणि बाकीचे भाग मालकांच्याच इंजेक्शन मशीनवर बसतील असे. यातल्या प्रत्येक ओळीची चाचणी घेता येते. 'भारी' या शब्दाची घेता येत नाही.

दर्जेदार डिझाइन हाऊस स्वतःहून म्हणतं, आधी वापरणाऱ्याकडे चला. जे पहिल्याच भेटीत रंगीत चित्रं दाखवतात, त्यांच्यापासून जपून.

टूलरूमवालाच डिझाइन फुकट करून देतो म्हणतो. घ्यावं का?

टूलरूमवाला म्हणजे मोल्ड (साचा) बनवणारा. तो फुकट देत नाही, मोल्डच्या किमतीत धरतो. त्याला मोल्ड कळतो आणि त्याचा सल्ला सोन्यासारखा असतो, पण त्याचा ओढा मोल्ड सोपा करण्याकडे असणार. वस्तू वापरणाऱ्याची बाजू मांडणारा दुसरा कुणी हवा. डिझायनर आणि टूलरूमवाला या दोघांना एका टेबलावर बसवा, फ्रीझ होण्याआधी. रिबची (भिंतीला आतून आधार देणाऱ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या साठ टक्क्यांपेक्षा वर गेली तर बाहेरून सिंक मार्क (खळगा) दिसतो, हे डिझायनरला माहीत असतं. तुमच्या मटेरियलला आणि तुमच्या मशीनवर ती नेमकी किती ठेवायची, हे टूलरूमवाला सांगतो. शंका असेल तिथे मोल्ड 'स्टील सेफ', म्हणजे पोलाद थोडं जास्त राखून, ठेवायला सांगा. पोलाद नंतर कापता येतं, कापलेलं भरून काढायला वेल्डिंग करावं लागतं आणि पृष्ठभागावर डाग राहतो.

एकट्या फ्रीलान्सरला काम द्यावं का?

एकाच कौशल्याचं, आखून दिलेलं काम असेल तर जरूर. पूर्ण प्रॉडक्ट एकट्यावर टाकू नका. तो आजारी पडला किंवा त्याला नोकरी लागली की तुमचा प्रकल्प थांबतो.

खर्च किती येतो आणि पैसे कसे द्यायचे?

वस्तूगणिक फरक पडतो, त्यामुळे सरसकट आकडा सांगणं बरोबर नाही. एक प्रमाण मात्र लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या वस्तूत मोठा पैसा मोल्डमध्ये जातो, डिझाइनची फी त्या मानाने कमी असते. तीच फी घासाघीस करून उतरवायची आणि मग मोल्डमध्ये दोनदा दुरुस्त्या करायच्या, हा सौदा आतबट्ट्याचा. कॅडमध्ये छिद्र सरकवायला दहा मिनिटं लागतात, तयार मोल्डमध्ये तेच सरकवायला आठवडे जातात.

पैसे टप्प्यांवर बांधा: संकल्पना, डिझाइन फ्रीझ, चालता प्रोटोटाइप, आणि शेवटचा हप्ता टी-वन ट्रायलचे (मोल्डमधून पहिल्यांदा काढलेले) भाग एकत्र जुळल्यावर. हा शेवटचा हप्ता पंधरा-वीस टक्क्यांचा तरी ठेवा. फाइल देऊन मोकळं होणाऱ्याला मोल्डच्या ट्रायलला उभं राहायला लावणारी एवढीच गोष्ट आहे. फेऱ्या किती, हेही लिहा. 'समाधान होईपर्यंत बदल' असं लिहिलं की दोघांचंही समाधान होत नाही.

एक कायद्याची बाब. डिझाइन हाऊस स्वतः बहुधा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलं असतं. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे त्यांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू शकतं. मोठ्या कंपन्या आपलं बिल थकवतात म्हणून आपणही खालच्याचं थकवायचं, हे करू नका.

पैसे आम्ही दिले म्हणजे डिझाइन आमचंच ना?

हा समज सगळ्यात धोक्याचा. यात तीन वेगवेगळे कायदे आहेत आणि तिघांचं उत्तर एक नाही.

वस्तूच्या दिसण्याबाबत डिझाइन कायदा, २००० तुमच्या बाजूने आहे. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केलं असेल, तर ज्याच्यासाठी केलं तो मालक. ड्रॉइंग आणि फर्मवेअर मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ खाली येतात. तिथे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या व्यावसायिकाने लिहिलेला कोड साधारणपणे त्याचाच राहतो. तो तुमच्या नावावर करायला लेखी असाइनमेंट (हक्काचं हस्तांतर) लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारताचा. हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत जाण्याचीही तरतूद आहे. म्हणून करारात 'कायमस्वरूपी, जगभर, आणि वर्षात वापर न केल्यास हक्क परत जाण्याची तरतूद लागू नाही' असं स्पष्ट लिहून घ्या.

पेटंटचं तिसरंच. शोध ज्याने लावला त्याचं नाव शोधक म्हणून राहतं आणि अर्ज करण्याचा हक्क त्याच्याकडून तुमच्याकडे लेखी यावा लागतो. डिझाइन हाऊसचा करार असला, तरी तिथल्या कर्मचाऱ्यांकडून हा हक्क आधी त्यांच्या कंपनीकडे आला आहे का, तेही विचारा.

करार वकिलाकडून तपासून घ्या. बौद्धिक संपदा कळणारा वकील बघा, जमिनीचे व्यवहार बघणारा चालणार नाही.

नोंदणी कधी करायची?

वस्तू लोकांना दाखवण्याआधी. मोशीच्या किसान प्रदर्शनात स्टॉल लावून, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवून मग डिझाइन नोंदणीला गेलात, तर नावीन्य संपलेलं असतं. नोंदणी दहा वर्षांची, पुढे पाच वर्षं वाढवता येते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याचे पन्नासहून जास्त नग कारखान्यात बनले, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. 'आपोआप मिळणाऱ्या हक्कावर' विसंबून राहू नका.

डिझाइनवाल्यानेच आमची कल्पना शेजारच्याला विकली तर?

गोपनीयतेचा करार पहिल्या भेटीआधी करा. 'आयुष्यात पुन्हा असं प्रॉडक्ट दुसऱ्या कुणासाठी करायचं नाही' अशी अट मात्र फारशी उपयोगाची नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यावरची व्यवसायबंदी सहसा टिकत नाही. प्रकल्प चालू असताना स्पर्धकाचं तेच काम घ्यायचं नाही, ही अट वाजवी आहे. आणि कागदाइतकीच महत्त्वाची गोष्ट: त्यांच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. खरी खबर तिथे मिळते.

चायनीज सॅम्पल आणून मोजून घेतलं तर हे सगळं वाचेल?

माप मिळेल, कारण मिळणार नाही. ती भिंत तिथे जाड का आहे, ते मटेरियल का घेतलं, हे सॅम्पल सांगत नाही. वर त्या वस्तूचं डिझाइन भारतात नोंदलेलं असलं तर नोटीस येईल. स्पर्धा किमतीवरच होणार आणि त्यात समोरच्याचा हात धरणं अवघड. सॅम्पल उघडून शिका, जरूर शिका. विकायला स्वतःचं काढा.

किती वेळ धरावा?

पाठपंपासारख्या वस्तूला पहिल्या बैठकीपासून दुकानात पोहोचेपर्यंत वर्षभर धरून चाला. मोल्ड आणि टेस्टिंग तुमच्या हातात नसतं. दिवाळीआधी वस्तू हवी असं गणपतीत सांगणाऱ्याचं काम मी घेत नाही.

आमचे जुने फोरमन दुखावतील, त्याचं काय?

दुखावतील, आणि त्यांचं चुकणार नाही. तीस वर्षं ज्यांनी जुगाड करून मशीन चालू ठेवली, त्यांच्यासमोर लॅपटॉप घेऊन कुणी तरुण येतो आणि त्यांना विचारतही नाही. म्हणून पहिल्या डिझाइन रिव्ह्यूला त्यांना बोलवा, आणि बोलायची पहिली संधी त्यांना द्या. रिव्ह्यू मराठीत घ्या. इंग्रजीत झाला की ते गप्प बसतात आणि असेंब्लीला कुठला पान्हा आत जाणार नाही, ही माहिती त्यांच्यासोबत घरी जाते. ती माहिती मोल्ड कापून झाल्यावर कळली तर फार महाग पडते.

सरकारी मदत मिळते का?

केंद्राच्या एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत इन्क्युबेशन (नव्या कल्पनेला आधार), डिझाइन आणि आयपीआर (बौद्धिक संपदा) असे तीन भाग आहेत. डिझाइन प्रकल्पाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातून मिळू शकतो. उद्यम नोंदणी हवी, आणि त्या वेळचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात किंवा योजनेच्या पोर्टलवर बघा. प्रोटोटाइप आणि पेटंटच्या सल्ल्यासाठी पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर, मोल्ड आणि टूलिंगसाठी छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम, वाहनाच्या भागांच्या चाचण्यांसाठी पुण्याची एआरएआय. अनुदान मंजूर होईपर्यंत काम थांबवू नका.

काम संपल्यावर काय काय ताब्यात घ्यायचं?

पीडीएफ आणि स्टेप फाइल घेऊन समाधान मानू नका. कॅडची मूळ नेटिव्ह फाइल हवी, ज्यात पुढे बदल करता येतात. सर्किटचा स्केमॅटिक, पीसीबीच्या मूळ आणि जर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या) फाइल, फर्मवेअरचा सोर्स कोड आणि तो कंपाइल कसा करायचा याची टिपणं. पार्ट नंबर आणि पुरवठादारांसह पूर्ण बीओएम (सुट्या भागांची यादी). टॉलरन्ससह (मापात किती फरक चालेल यासह) ड्रॉइंग. टेस्ट रिपोर्ट, नापास झालेल्या चाचण्यांचेसुद्धा. कोणता निर्णय का घेतला याची दोन-चार पानं.

आणि हे शेवटच्या दिवशी एकदम मागू नका. प्रत्येक टप्प्याचं बिल देताना त्या टप्प्याच्या मूळ फाइल घ्या, आपल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि फर्मवेअर तर तुमच्या माणसाला एकदा स्वतः कंपाइल करून बोर्डवर चढवायला लावा. दिवा लागला, मोटर फिरली, तर त्या टप्प्याचा चेक द्या.